किशनमामांचं चिपटं

आमच्या गल्लीत कुणी तारीख मोठ्यानं विचारत नसे. विचारली, की समोरच्या ओसरीवरून किशनमामा ज्वारीची टोपली आणि दोन लाकडी मापं घेऊन उतरायचे. एक शेर, दुसरं त्याच्या पावपट, म्हणजे चिपटं. मग विचारणाऱ्याची सुटका नव्हती. एकदा दूधवाला असा अडकला आणि पुढच्या घरी पोचेपर्यंत त्याचं दूध नासलं. तेव्हापासून महिना संपला का, हेसुद्धा तो माझ्या कानात विचारायचा.

मी सहावीतून शाळा सोडलेली. माझं माहेर समुद्राकाठचं. नवऱ्याला विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं काम मिळालं म्हणून लग्नानंतर दोघं पेडगावला येऊन राहिलो. बोली कळेना, ऊन सोसेना, कुणी हसलं तरी वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. त्या दिवसांत न सांगता हापशावरून पाण्याचा हंडा आणून माझ्या दारात ठेवला तो किशनमामांनी. ते उपकार मनात होते, म्हणून मी त्यांचं वर्ष मुकाट्यानं ऐकायचे.

"हे बघ माय," चिपटं भरता भरता मामा सुरू करायचे, "सूर्व्याचं वरीस तीनशे पासष्ट दिसांचं म्हणतेत. खोटं हाय. वर एक चिपटं उरतंय. तुमी तीनशे पासष्ट मोजले आन् पोत्याचं तोंड शिवलं. उरलेलं जातं कुठं?"

हे त्यांचं पालुपद. एवढं विचारून ते थांबायचे आणि उत्तर आल्याशिवाय मापाला हात लावायचे नाहीत. मी म्हणायचे, "कुठं जातं, मामा?"

"कुटंच न्हाई. साचतंय." मग दर वर्षाचं एक, अशी चार चिपटी शेरात रिकामी व्हायची. "झाला का एक दीस? त्यो फेब्रुवारीत वतायचा. न्हाई वतला तर तारखा सरकत जात्याल, आन् पुढं कुण्या पिढीला मे महिन्यात शेकोटी पेटवावी लागंल."

शेर भरला तरी मामांचं समाधान नसायचं. चिमूटभर ज्वारी ते परत काढायचे. "चिपटं काठोकाठ न्हाई, जरा कमीच हाय. म्हणून शतकाच्या साली त्यो दीस सोडतेत, आन् चारशे वर्सांनी एकदा धरतेत. दोन हजार साल धरायचं हाय. मी काय तवर ऱ्हात न्हाई. तू ध्यान ठेव."

ही जबाबदारी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकावर टाकली होती. बाकीचे हसून सोडून द्यायचे. मला मात्र खरोखरच काळजी लागायची.

अठ्ठ्याऐंशी साल आलं आणि मामांना बोलायला दिवस पुरेना. इंग्रजी वर्षात एक दिवस वाढलेला, आणि आपल्या पंचांगात अधिक ज्येष्ठ. "चंद्राचं वरीस सूर्व्याहून अकरा दिसांनी तोकडं. ते साचून साचून तिसऱ्या वर्साला धोंड्याचा महिना. तितंबी तेच, माय. उरलेलं कुणी फेकत न्हाई."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि अनारसे वाढायचे, आणि लेकीनं आईची ओटी भरायची. गल्लीतले जावई एकेक करून सासुरवाडीला निघाले. आमचा हा लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. पण माझे वडील गेलेले, आई एकटी, आणि वाट दोन दिवसांची. निघताना तिनं दिलेला दारच्या माडाचा नारळ मी तिच्याच ओटीसाठी जपून ठेवला होता.

शेजारच्या कौसाबाईनं हापशावर विचारलंच, "काय गं, तुज्या मालकाचा धोंडा कुटं अडकलाय? समुद्रात बुडाला का काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर नवऱ्याकडं बघवेना. तो म्हणाला, "मला कुठं गोड आवडतं?"

त्याला गोड फार आवडायचं.

संध्याकाळी मामा दारात उभे. हातात माप नव्हतं. "जावईबापू," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "परवा आमच्याकडं धोंडा हाय. पोरीला घिऊन या."

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. नवऱ्याला पाटावर बसवलं. धोंडे मामांनी स्वतः वळलेले, एकाचा आकार दुसऱ्याला नाही. अनारसे तुपात विरून नुसता चुरा झालेला. मामांनी तो चुराही चमच्यानं वाढला. "माप तर बरुबर घेतलं हुतं," ते ओशाळून म्हणाले. नवऱ्यानं दोनदा मागून घेतला.

पितळी ताट मात्र कोरं करकरीत होतं, वापराचा एकही ओरखडा नसलेलं. मी विचारलं, "मामा, ताट नवं आणलंत?"

"न्हाई. सरूच्या धोंड्याचं हाय."

सरू त्यांची एकुलती लेक. बाळंतपणात गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"तिचं लगीन धोंडा सरल्यावर झालं. सासरी निघताना इचारलं तिनं, बाबा, धोंडा पुन्हा कधी येतोय? मला काय ठावं? यील की, म्हनलं. मग जोश्याला इचारलं, मास्तरला इचारलं, समदं शिकून घेतलं. ताट आणून ठिवलं." मामा पाण्याचा तांब्या उगाच सरळ करत राहिले. "महिना आला बरुबर. पोर तवर ऱ्हायली न्हाई."

जेवणं झाली. मी पिशवीतून नारळ आणि तांदूळ काढले, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. ओटी भरायची कुणाची? मामांच्या घरात बाईमाणूस नव्हतंच. सगळं आठवणीनं बांधून आणलं, आणि एवढं साधं सुचलं नाही! कान तापले. कौसाबाईला कळलं तर वर्षभर पुरवील, असं वाटलं. नवरा रिकाम्या ताटात बघत बसला.

मामा नारळाकडं बघत होते. "आईसाठी ठिवला हुता?"

"हो."

"तितपत्तुर न्हाई पोचायचा."

"नाही."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर पसरलं. "मग ह्यात टाक. उरलेलं जातं कुठं?"

मी नारळ ठेवला आणि तांदूळ घालू लागले. ओटीला मुठी मोजून घालायच्या असतात. मी मोजल्या नाहीत. मामांनीही नाही.