व्याज माझं नाही!

"कोणीतरी माझ्या नावावर व्याज खातंय!"

नवरोबा कॉम्प्युटरसमोरून ओरडले, तेव्हा शिकवणीची मुलं घरी पाठवून बायको इस्त्री करत होती. टॅक्स ऑफिसने त्यांच्या नावावर बचतीचं व्याज दाखवलं होतं बावीस हजार. पासबुकात होतं चार हजार. नवरोबा ऑफिसात इतरांची बिलं तपासायचे. चूक आपली असू शकते, ही शक्यता त्यांनी कधीच निकालात काढली होती.

"अहो, एखादं खातं विसरला असाल."

"मी? आणि विसरेन?"

संशय आधी मेव्हण्यावर गेला (त्याने एकदा ओळखपत्राची झेरॉक्स नेली होती), मग शेजाऱ्यावर (नवी गाडी!). आठवडाभर घरात 'तो चोर' सोडून दुसरा विषय नाही. मेव्हणा चहाला आला, तर त्याच्या बुटांची किंमतसुद्धा विचारून झाली. बायको इस्त्री तेवढी जरा जोरात आपटत होती.

शेवटी नवरोबा बँकेत निघाले. "मीही येते," म्हणत बायकोने चपला घातल्या.

काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन पाहिला. "खातं आहे की तुमचं. जॉइंट. पहिलं नाव तुमचं, म्हणून सगळं व्याज तुमच्याकडे दिसतं. दुसरं नाव..."

"त्या चोराचं नाव मला ऐकायचंही नाही! माझा काडीचा संबंध नाही. काढा माझं नाव!"

"विचार करा. रक्कम बरी आहे."

"चोरीचा पैसा नको!" म्हणत त्यांनी अर्जावर सही ठोकली. न वाचता. (न वाचता सही करणाऱ्यांना ते ऑफिसात उभं करून झापत.)

"दुसऱ्या खातेदाराचीही सही लागेल."

"आधी त्याला पकडून तर आणा!"

बायकोने पर्समधून पेन काढलं. "कुठे करू?"

नवरोबांना सगळं आठवलं. लग्नानंतर उघडलेलं खातं. 'पहिलं नाव माझंच!' हा त्यांचाच हट्ट.

"माझ्यापासून शिकवणीचे पैसे लपवलेस?"

"लपवले कुठे? दर महिन्याला सांगते, बँकेत जाऊन येते. तुम्ही म्हणता, येताना दूध आण."

"अगं, मग ते आपलंच की..." नवरोबांचा हात अर्जाकडे सरकला.

तोवर बायकोची सही झाली होती. ठप्प! शिक्का पडला.

"झालं, आता खातं एकट्या ताईंचं," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या व्याजावरचा टॅक्स तेवढा तुम्ही भरा. तेव्हा पहिलं नाव तुमचं होतं ना!"