कुठली अमेरिका?

सबनीसकाकांसमोर नुसतं ‘अमेरिका’ म्हणून चालत नाही. ते हातातला कप बशीत ठेवतात, चष्मा वर सरकवतात आणि विचारतात, ‘‘कुठली?’’

माझा ऑफिसातला एक मित्र पंधरा दिवसांसाठी टेक्सासला निघाला होता. जाण्याआधी आमच्याकडे जेवायला आला आणि काकांच्या तावडीत सापडला. ‘‘अमेरिकेला चाललोय’’ एवढंच तो बोलला. त्यावर गुरं वळणाऱ्यांची अमेरिका, कापूस वेचणाऱ्या गुलामांची अमेरिका, सीमा ओलांडून आलेल्या मजुरांची अमेरिका आणि रविवारी चर्चमध्ये जाऊन बसणारी अमेरिका, अशा सगळ्या अमेरिका त्याला ऐकाव्या लागल्या. केतकीची, म्हणजे माझ्या बायकोची, आमटी दोनदा गरम झाली. तो मित्र परत आल्यावर आमच्याकडे फिरकलेला नाही.

काका आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. जर्मनीत, आमच्या या हायडेलबर्गमध्ये, त्यांच्या वयाची मराठी माणसं दिसतात ती नातवंडं सांभाळायला तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली, कानटोपी घालून बाल्कनीत उभी असलेली. काका मात्र इथे विद्यार्थी आहेत. त्यांचं सगळं आयुष्य न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज तपासण्यात गेलं. निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि मग त्यांनी तिथलं घर आवरून इथल्या विद्यापीठात अमेरिकन संस्कृतींच्या पदवीला नाव घातलं. म्हाताऱ्या माणसांना इथे नुसतं वर्गात बसून ऐकता येतं, परीक्षा द्यावी लागत नाही. काकांना ते पटलं नाही. ‘‘नुसतं ऐकून कळलं असं कसं म्हणणार? आल्झो, तेव्हा परीक्षा दिली तरच कळलं.’’

या पदवीचा प्रकार असा, की एकाच देशाकडे इतिहासवाले, भूगोलवाले, साहित्यवाले, धर्मवाले आणि राजकारणवाले असे सगळे मिळून बघतात. एका पेशंटभोवती पाच डॉक्टर आणि प्रत्येकाचं निदान वेगळं, असं काहीतरी. इंजिनियर माणसाची यात पंचाईत होणारच. कवितेच्या तासाला प्राध्यापिकेने एका ओळीचे तीन अर्थ सांगितले, तेव्हा काकांनी हात वर करून विचारलं, ‘‘यात टॉलरन्स किती?’’ म्हणजे अर्थ कितपत चुकला तर खपवून घेणार. प्राध्यापिका म्हणाली, प्रश्न फार चांगला आहे, आणि पुढच्या ओळीकडे वळली. काका अजून उत्तराची वाट बघतायत. तोवर केतकीच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी ते तिला दिलासा देतात, ‘‘टॉलरन्समध्ये आहे.’’

वर्गातली विशीतली पोरं त्यांना सरळ ‘दिनकर’ म्हणतात, आणि काका त्या पोरांना ‘हेर’ आणि ‘फ्राउ’, म्हणजे श्रीयुत आणि श्रीमती, लावून आडनावाने हाक मारतात. दोन्ही पक्षांनी एकमेकांना सुधारायचा नाद सोडून दिलाय.

इथल्या विद्यापीठांत टाळ्या वाजवत नाहीत. व्याख्यान संपलं की मुलं बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात, तीच शाबासकी. काकांनी वर्गात पहिल्यांदा निबंध वाचला तेव्हा ती टकटक त्यांच्या वाट्याला आली. त्या संध्याकाळी जिने चढताना ते आमच्या दारात थांबले. ‘‘सगळ्यांनी केलं हो,’’ म्हणाले. ‘‘मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा.’’ कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण तिथे ड्रॉइंग बरोबर असलं तर कोणी काही बोलत नसे. चुकलं तरच बोलत. त्या दिवसापासून काकांना टकटक करायचं वेडच लागलं. केतकीच्या थालीपिठानंतर टेबलावर टकटक. दिवाळीच्या कार्यक्रमात एका चिमुरडीने गाणं म्हटलं, तर सगळे टाळ्या वाजवतायत आणि काका खुर्चीच्या हातावर टकटक करतायत. ती मुलगी घाबरून आईच्या मागे लपली.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण त्यांच्या घरात गेलं की माझं हसू टिकत नसे. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर पुस्तकं. ओट्यावर एक कुकर, एक ताट. फ्रिजवर नेब्रास्काचा नकाशा. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा असते. न्युरेम्बर्गमध्ये वाढली, रेगेन्सबर्गच्या विद्यापीठात शिकली, मग एका अमेरिकन मुलाशी लग्न करून तिकडे गेली. महिन्यातून एकदा फोन. काका मराठीत विचारणार, ती जर्मनमध्ये उत्तर देणार. सगळं ठीक? ठीक. हवा? थंड. एवढ्यात फोन संपायचा. मला वाटायचं, मुलगी तिकडे आहे म्हणून म्हाताऱ्याला अमेरिकेचं कौतुक.

मग गेल्या नोव्हेंबरात काका एक पम्पकिन पाय, म्हणजे भोपळ्याचा भाजलेला गोड पदार्थ, घेऊन खाली आले. नेकार नदीवरून धुकं वर चढलं होतं, दुपारी चारलाच दिवे लावावे लागत होते. पाय त्यांनी स्वतः केला होता आणि मध्ये कच्चा होता. ‘‘थँक्सगिव्हिंगची तालीम,’’ ते म्हणाले. ‘‘यंदा जावयाने बोलावलंय. म्हणजे व्हिडिओवर. ते तिकडे जेवायला बसतील, मी इकडे. खरं म्हणजे मी याच्यासाठीच शिकतोय.’’

केतकीने त्यांना बसवून चहा दिला. मग त्यांनी सांगितलं. काकू गेल्या त्या वर्षी मुग्धाने त्यांना नोव्हेंबरात नेब्रास्काला नेलं होतं. ‘‘तिकडे पद्धत आहे. जेवणाआधी टेबलाभोवती प्रत्येकाने सांगायचं, यंदा मी कोणाचा आभारी आहे. तिचे सासरे बोलले, सासूबाई बोलल्या, जावई बोलला. मग माझी पाळी आली.’’

‘‘काय बोललात?’’

‘‘खरं ते. म्हटलं, आमच्यात घरच्या माणसांचे आभार मानत नाहीत. आभार परक्यांचे मानतात.’’

मी मान डोलावली. मी फोनवर आईला चुकून थँक्यू म्हणालो तर ती विचारते, मी काय परकी झाले का.

‘‘मुग्धा उठून किचनमध्ये गेली,’’ काका म्हणाले. ‘‘विमानतळावर सोडायला आली तेव्हा म्हणाली, पापा, तुला काही कळत नाही. गेनाऊ, अगदी बरोबर. तिथलं मला काही कळतच नव्हतं. कळत नाही ते शिकून घ्यायचं, तेवढं मला येतं. त्यानंतर तिने बोलावलं नाही. आता जावयाने बोलावलंय. यंदा चुकलो तर तोही बोलावायचा नाही.’’

केतकीने हळूच विचारलं, ‘‘काका, काकूंच्या आजारपणात कोण होतं हो तुमच्याजवळ?’’

‘‘मुग्धाच. नोकरी सोडून आली होती. उन्हाळाभर आईच्या उशाशी होती. आईचे केस तीच विंचरायची.’’

‘‘मग तेवढंच बोला ना.’’

‘‘ते काय बोलायचं? ते तिला माहीतच आहे.’’ आणि त्यांनी खिशातून टाइप केलेले कागद काढले. आभाराच्या त्या जेवणाचा इतिहास, त्यातला धर्म, त्यातली शेती, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना ते जेवण कसं दिसतं तेही. काकांनी पदवीचा प्रबंध याच विषयावर लिहिला होता. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि रडूही आलं. दुसऱ्या कुणी मुलीला साधा फोन केला असता. आमच्या या माणसाने विद्यापीठात नाव घातलं.

त्या गुरुवारी त्यांनी आम्हाला वर बोलावलं. एकट्याला धीर होत नव्हता. टेबलावर लॅपटॉप, शेजारी दुसरा पम्पकिन पाय, हा मध्येही शिजला होता. तिकडची दुपार, इकडे रात्रीचे आठ. पडद्यावर लांबलचक टेबल, शेवटी मुग्धा. तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. नाक अगदी काकांचं. एकेक जण बोलत गेला आणि जावई म्हणाला, ‘‘आता तुम्ही.’’

काकांनी कागद उचलला. इंग्रजीत सुरुवात केली, या प्रथेकडे आपण अनेक बाजूंनी बघू शकतो. सासरे आदराने ऐकू लागले. मुग्धाने मान खाली घातली आणि काट्याने ताटातलं काहीतरी बाजूला सारू लागली. काकांना ते दिसलं. ते थांबले. पुढचं वाक्य शोधलं, पुन्हा थांबले. मग कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि मराठीत म्हणाले, ‘‘मुग्धा, आईचे केस...’’

काकांनी उजव्या हाताची मूठ वळली आणि टेबलावर टकटक केलं. एकदा, परत एकदा, मग करतच राहिले.

मी व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर बनवणारा माणूस, मला ठाऊक होतं की असल्या कॉलमध्ये ठकठक, खडखड असले आवाज गाळून टाकतात. तिकडे काही ऐकू जात नसणार, नुसता एक म्हातारा हात हलवताना दिसत असणार. सासूबाई जावयाकडे बघायला लागल्या. सासऱ्यांनी विचारलं, ‘‘लाइन गेली का?’’

काकांची मान खाली होती. त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नाही आणि आम्हालाही तिकडचा असला आवाज ऐकू आला नसता. पण त्या टेबलाच्या शेवटी मुग्धाने काटा ठेवला होता. डोळे गळत होते, ते ती पुसतही नव्हती, आणि ताटाशेजारी तिची मूठ वरखाली होत होती.

‘‘काका,’’ केतकी म्हणाली, ‘‘चष्मा लावा.’’

काकांनी चाचपडत चष्मा शोधून लावला. ती अजून टकटक करत होती.