अंबाडीच्या काढ्याचं पातेलं

"आज मी कुणालाही, काहीही, एका अक्षरानेसुद्धा शिकवणार नाही!" चपलेत पाय सरकवत मनोहररावांनी जाहीर केलं. "अगदी लिहून घ्या!"

नीलाताईंनी लिहून घेतलं नाही. त्यांनी पर्स उचलली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि कुलूप शोधायला लागल्या.

मनोहररावांचा दोष एवढाच, की ते महाल भागातल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. शिकवण्यातून मात्र निवृत्त झाले नाहीत. नळ दुरुस्त करायला माणूस आला, तर त्याला पाण्याचा दाब समजावून सांगायचे. माणूस दाब समजून घेऊन जायचा आणि नळ गळतच राहायचा! मुलांवर तर त्यांचा भारी जीव. एकच गोष्ट दहा वेळा विचारा, अकराव्यांदाही ते तितक्याच आनंदाने सांगणार. पण मोठ्यांना हे कसं पटावं? मुलीला, नंदिनीला, पाहायला आलेल्या एका मुलाचे काका पोहे खाता खाता शिंकले, तर मनोहररावांनी शिंकेतले थेंब किती लांब उडतात ते बशीतला एकेक पोहा मांडून दाखवलं. पाहुणे बशा तशाच ठेवून उठले. ते स्थळ शिंकेपेक्षाही लांब उडालं!

म्हणूनच आज नंदिनीने गाडीत बसण्याआधी वडिलांचा हात धरला. "बाबा, सुशीलचं आणि माझं ठरलंय. त्याच्या आईचा होकार तेवढा बाकी आहे. त्या जरा कडक आहेत. त्यांचं घर पाहायचं, छान म्हणायचं आणि परत यायचं. माझ्यासाठी. कराल ना?"

"अगं, मी काय लहान आहे का?" मनोहरराव दुखावून म्हणाले.

सुशीलचं घर लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. थंडीचे दिवस होते. दारात त्याचे वडील विश्वनाथराव मफलर गुंडाळून उभे होते. माणूस इतका कमी बोलणारा, की "या" म्हणतानासुद्धा त्यांनी नुसता हात हलवला. आई प्रमोदिनीबाई मात्र ठसठशीत. अंबाडीची लाल बोंडं, गवती चहा, तुळस, आलं यांचा काढा म्हणजे त्यांचा अभिमान. आख्ख्या गल्लीत कुणाला सर्दी झाली, की पहिलं पातेलं यांच्या घरून निघायचं.

नीलाताईंनी भेटीचा डबा पुढे केला. "आमचा भाचा प्रीतम आसामात चहाच्या मळ्यावर असतो. त्याने पाठवलेली पत्ती आहे."

"वा! मंग मी दोन्ही करून आणतो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "तुमचा कोरा चहा अन् माहा काढा. पिऊन पाहा, सर, अन् खरं सांगा बरं!"

मनोहररावांच्या पोटात गुदगुल्या झाल्या. कारण प्रीतमने नुसती पत्ती पाठवली नव्हती. चहा पारखणारे लोक काय काय करतात, तेही फोनवर तासभर सांगितलं होतं! ते सगळं ज्ञान आता जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. नंदिनीने डोळे वटारले. मनोहररावांनी जीभ आवरली. कप आल्यावर दोन्हींतून एकेक घोट घेतला आणि म्हणाले, "छान!"

नंदिनीचा जीव भांड्यात पडला. (तो कोणत्या भांड्यात पडायला हवा होता, ते पुढे कळेल!)

मग सगळे वरचा मजला पाहायला निघाले. मनोहररावांचे गुडघे जिन्याला राजी नव्हते, म्हणून ते खालीच थांबले. सोबतीला सुशीलच्या मोठ्या भावाची मुलं, वेदिका आणि अर्णव. दोघांचे आईवडील कामावर गेलेले. मनोहरराव पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता, तरी बघत होते.

वेदिकाने दोन्ही कपांत डोकावलं. "आजोबा, हा पण लाल, तो पण लाल. मग वेगळे कसे?"

आता सांगा! मुलाने 'कसे' विचारल्यावर गप्प बसणारा शिक्षक तुम्ही पाहिलाय का? मनोहररावांनी जिन्याकडे पाहिलं. वरून कपाटं उघडल्याचे आवाज येत होते. एक छोटासा धडा, त्यात काय!

"आधी डोळ्यांनी बघायचं," ते कुजबुजले. "मग वास. मग घोट घ्यायचा, पण असा नाही. जोरात सुर्रकन ओढायचा! म्हणजे हवेबरोबर चव सगळ्या तोंडात पसरते."

"सुर्रकन ओढलं की आजी रागावते," अर्णव म्हणाला.

"आजी जेवताना रागावते. हा प्रयोग आहे!"

सुर्र! सुर्रर्र! सुर्रर्रर्र! दिवाणखान्यात पंक्चर काढायचं दुकान उघडल्यासारखं झालं.

"आता तोंडात फिरवा... आणि गिळायचं नाही! पारखी माणूस गिळत बसला तर दिवसाला बादलीभर चहा पोटात जाईल. थुंकायचं!"

"कुठे?" गाल फुगवून वेदिकाने खुणेनेच विचारलं.

अर्णव धावत स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यावरचं एक पातेलं घेऊन आला. एका बाजूने पोचलेलं, आत अर्ध्यापर्यंत लालसर पाणी. "आजोबा, यात काहीतरी आहे."

"गाळून उरलेलं धुवण असेल," मनोहररावांनी न बघताच निकाल दिला. आयुष्यभर मुलांना 'आधी निरीक्षण' शिकवलेला माणूस! तिघांनी पुन्हा पुन्हा सुर्र केलं आणि पुन्हा पुन्हा त्यात पिचकाऱ्या मारल्या. वेदिकाला काढ्यात आंबट लागलं, कोऱ्या चहात कडवट लागलं. मनोहररावांचे डोळे आनंदाने पाणावले. जिन्यावर पावलं वाजली.

"चला, आवरा! प्रयोग संपला की साहित्य जागच्या जागी!"

अर्णव गुणी मुलगा. त्याने पातेलं होतं तिथे ठेवलं. वर झाकणही ठेवलं!

सगळे येऊन बसले. घर छान, गच्ची छान, गच्चीवरची तुळस छान. प्रमोदिनीबाई खुलल्या होत्या. आत गेल्या आणि काढा गरम करून पातेल्यासकटच बाहेर आल्या. "एकेक घोट अजून घ्या, बाई. तुमच्यासाठीच मुद्दाम वेगळा काढून ठेवला होता."

पातेलं एका बाजूने पोचलेलं होतं.

मनोहररावांच्या कानशिलांतून वाफ निघाली. ते धुवण नव्हतं! वेदिकाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. प्रमोदिनीबाई ओगराळ्याने कप भरत होत्या. नीलाताई, नंदिनी, सुशील, विश्वनाथराव. बोलावं, तर लग्न मोडतं. न बोलावं, तर मुलगी बापाचं थुंकलेलं पिते! विश्वनाथरावांचा कप ओठांना लागायला आला...

"थांबा! पिऊ नका!"

"काहून?" प्रमोदिनीबाईंची भुवई वर गेली. "काय झालं माह्या काढ्याले?"

"काही नाही! म्हणजे... फार चांगला झालाय! इतका चांगला, की... सगळा मलाच हवाय!"

असं म्हणून त्यांनी विश्वनाथरावांच्या हातातला कप अक्षरशः ओढला, बायकोचा घेतला, मुलीचा घेतला, जावई होऊ घातलेल्याचा घेतला आणि एकामागून एक रिकामे केले. मग उरलेलं पातेलंच तोंडाला लावलं! घोट घोट नव्हे, घटाघटा!

"बाबा!" नंदिनी किंचाळली.

प्रमोदिनीबाई मात्र हरखल्या. "पाहा वं नंदिनी, याले म्हनतात कदर! आमच्या घरी एकाले नाही. जाऊबाई तर कुंडीत ओततात!" त्यांनी नंदिनीच्या पाठीवरून हात फिरवला. "अशा मानसाची पोरगी मले चालते!"

झालं! होकार मिळाला! मनोहररावांनी पातेलं खाली ठेवलं, आणि वेदिकाने तोंडावरचे हात काढले.

"आजी, पण आजोबांनी आमचं थुंकलेलं पिलं."

प्रमोदिनीबाईंनी पातेल्याकडे, मनोहररावांकडे आणि शेवटी अर्णवकडे पाहिलं. "पातेलं कोनं नेलं? अर्णव! इकडे ये!"

अर्णव वेदिकाच्या मागे लपला. मनोहरराव गुडघे विसरून उठले आणि मध्ये उभे राहिले.

"त्याला बोलू नका, ताई. थुंकायला मीच शिकवलं. त्याने सांगितलं होतं, यात काहीतरी आहे. मीच पाहिलं नाही." त्यांनी प्रमोदिनीबाईंपुढे हात जोडले. "तुमच्या घरात, तुमच्या अन्नात... माझी मान वर करायची लायकी नाही. पण माझ्या मूर्खपणाची शिक्षा नंदिनीला देऊ नका."

नंदिनी जमिनीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. वडिलांना ते दिसलं, आणि शिंकेच्या वेळी वाटली नव्हती एवढी लाज त्यांना वाटली. प्रमोदिनीबाईंचे ओठ घट्ट मिटलेले.

मग विश्वनाथराव मफलर सैल करत पहिल्यांदाच बोलले. "सोयरीक झाल्यावर लोक एका ताटात जेवतात वं. हा मानूस आपल्या नातवाइचं उष्टं पातेलंभर पिऊन बसला. आता याच्याहून जास्त सोयरा कसा असते?"

प्रमोदिनीबाईंनी ओठ आणखी घट्ट केले. पण पदर तोंडाशी गेला, खांदे हलायला लागले, आणि एकदम त्या अशा हसल्या की शेल्फावरच्या बरण्या वाजल्या! "जा रे सुशील, पेढे आन! पन मले पातेलं आधी घासू दे!"

बोलणी पक्की झाल्याचा तो फोटो आता सगळ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये आहे. पेढा भरवणाऱ्या प्रमोदिनीबाई, रडत हसणारी नंदिनी, मध्ये दोन्ही मुलं. "मुलीचे वडील कुठे आहेत?" असं ज्याला त्याला विचारावंसं वाटतं. नीट पाहिलं तर उजव्या कोपऱ्यात एक बंद दार दिसतं. पातेलंभर काढा पोटात गेल्यावर दुसरं काय होणार!

"व्याहीबुवा, फोटो काढून राहिलो! झालं काय?" बाहेरून तेव्हा विश्वनाथराव विचारत होते.

"होतंच आहे!" आतून मनोहरराव ओरडले.

खरं तर केव्हाच झालं होतं. पण तोंड कुठलं घेऊन बाहेर येणार!