गावंडे काकांच्या गाडीचे धक्केवाले

आमच्या जबलपूरच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की बाकीचे लोक त्याचं आडनाव विचारतात, नोकरी विचारतात, आणि मटण खातो का ते आडून आडून काढून घेतात. गावंडे काका त्याचे खांदे बघतात. सामान उतरवत असलेल्या त्या माणसाभोवती एक फेरी मारतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात, "डावा मागचा. चालते." त्या बिचाऱ्याला काही कळत नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. काका गाडीत बसून हॉर्न देतात आणि अख्खी गल्ली चपला शोधायला लागते.

काकांच्या गाडीला धक्का मारायच्या जागा ठरलेल्या आहेत. मी उजवा मागचा, स्टेपनीच्या शेजारी. मधोमध तिवारीजी, ज्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. डावीकडे वरच्या मजल्यावर राहणारी कोचिंगची पोरं. ती दर वर्षी बदलतात, त्यामुळे डावी बाजू कायम कच्ची. समोरच्या नायर मॅडम शाळेत शिकवतात. त्या पर्स खांद्याला लावून कोपऱ्यावर उभ्या राहतात आणि येणाऱ्या स्कूटर थांबवतात. मी रेल्वेच्या हिशेब खात्यात आहे आणि माझी कंबर दुखते. डॉक्टरांनी मला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून सांगितलं आहे. हे मी काकांना एकदा ऐकवलं.

"बादली नका उचलू ना मग," काका म्हणाले. "इथं उचलाचं काय आहे जी? ढकलाचं आहे."

काका लष्कराच्या गाड्या बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात होते, आणि तिथंही तपासणी विभागात. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात घालवली, आणि ते त्यांना मनापासून आवडलं. निवृत्त झाले तरी खिशातला खडू आणि जिभेवरचा शिक्का सुटला नाही. जगातल्या सगळ्या गोष्टी काकांच्या लेखी तीन प्रकारच्या: पास, रिजेक्ट आणि रिवर्क. तिवारीजींच्या मुलाच्या लग्नातलं पनीर रिवर्क होतं. माझा दिवाळीचा शर्ट खांद्यात रिजेक्ट होता. माझ्या बायकोच्या पुरणपोळ्या काकांनी चार खाल्ल्या आणि हात धुताना म्हणाले, "पास करून राहिलो, पण कड जाड आहे. रिमार्क आहे." बायकोनं पुढच्या होळीला त्यांच्याकडे पोळ्या पाठवल्या नाहीत. तर काका स्वतःच ताट घेऊन आले, रिमार्कचं पुढं काय झालं ते बघायला.

त्यांना यात गैर काहीच वाटत नाही. "जे आहे ते सांगाचं," हे त्यांचं एकच धोरण. खोटं बोलायची वेळ आली तर काका गप्प बसतात, आणि काका गप्प बसणं इतकं दुर्मिळ, की लोक त्यांची तब्येत विचारतात.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर जी गाडी घेतली, ती मात्र कुठल्याही तपासणीत पास झाली नसती. लष्करानं वापरून लिलावात काढलेली, फोर बाय फोर, हिरवी. लिलावातून ती एका ठेकेदारानं घेतली, त्यानं ती नदीची वाळू ओढायला वापरली, आणि तिच्यात जे काही उरलं ते काकांनी घेतलं. आमच्याकडे लोक घरातल्या शिकलेल्या मुलाचा उल्लेख करतात तशा आवाजात काका "फोर बाय फोर" म्हणतात. चारही चाकं जोर लावतात, चिखलातून जाते, नाल्यातून जाते, डोंगर चढते. प्रत्यक्षात ती रोज भाजी आणायला जाते. भाजीबाजार आमच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

ती उजवीकडे वळली की तिचं डावं दार उघडतं, म्हणून त्या दाराला दोरी बांधलेली आहे आणि शेजारी बसणाऱ्यानं ती धरायची असते. वायपर हातानं फिरवावा लागतो. रेडिएटर गळतो, त्यामुळे ती उभी राहते तिथं काकांना जास्वंदीला वेगळं पाणी घालावं लागत नाही. ब्रेक एकदा दाबून लागत नाही, तिला दोन-तीनदा विनंती करावी लागते. तिचे भाग बाजारात मिळत नाहीत. दर रविवारी काका कबाड्यांकडे फिरतात आणि एखादी गंजलेली पट्टी सापडली की पेढ्यांचा पुडा आणावा तशी कागदात गुंडाळून घरी आणतात. पेन्शन आली की आधी मिस्त्रीकडे जाते, मग उरली तर किराण्याकडे. मी एकदा हिशेबनिसाच्या सवयीनं विचारलं, "काका, ही ॲव्हरेज किती देते?"

"देत नाही," काका म्हणाले. "जे आहे ते सांगाचं."

पण गाडी बिघडली असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. "बिघडत नाही जी ते. बोलून राहिली." पट्टा ओरडतो तेव्हा ती बोलते, गिअर अडकतो तेव्हा ती बोलते. भेडाघाटच्या वाटेवर एकदा ती जे बोलली ते मी अजून विसरलेलो नाही. माझे मेहुणे नागपूरहून आले होते. काकांनी हट्टानं सगळ्यांना गाडीत कोंबलं. काकू पुढं बसल्या, दोरी धरून. नदीकाठच्या रेतीत कोणाची तरी नवी कोरी मोटार पोटापर्यंत रुतली होती. काकांनी फोर बाय फोरचा छोटा दांडा ओढला, साखळी लावली आणि ती मोटार अलगद बाहेर काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा ती गाडी आवडली. परत येताना मात्र चांगल्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर ती जी बसली ती बसली, आणि आम्ही ऑटोनं घरी आलो. "चांगल्या रस्त्यावर तिचं मन नाही लागत," काका म्हणाले. काकूंनी हसू दाबत दोरी गुंडाळून ठेवली.

त्यानंतर काही काळानं काकू गेल्या. पुढं गाडी धक्क्यावर आली आणि आम्ही सगळे कामाला लागलो.

धक्का मारला की गाडी तिवारीजींच्या दुकानापाशी धरते. पण धरली म्हणून काका लगेच निघून जात नाहीत. "इंजिन गरम होऊ द्या," म्हणत खाली उतरतात आणि मागच्या पेटीतून थर्मास आणि स्टीलचे पेले काढतात. इंजिन गरम होईपर्यंत आमची चौकशी चालते. कोचिंगच्या पोरांना टेस्टचे मार्क विचारतात आणि तिथंच रिजेक्ट करतात. नायर मॅडमच्या आईचा गुडघा, तिवारीजींचा नातू, माझी कंबर, कोणी सुटत नाही. चहात आलं जास्त असतं, ते सांगायची सोय नसते. मी रोज ठरवायचो की उद्या आजारी पडायचं. पण सकाळी हॉर्न वाजला की पाय आपोआप चपलेत जायचे.

काकांचा मुलगा निखिल हैदराबादला असतो. बाराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सून चांगली आहे. बाबांनी इथं एकटं राहू नये असं त्याला वाटतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण काका दाद देईनात. शेवटी त्यानं फोनवर निर्वाणीचं विचारलं, की यायचं कधी? तेव्हा काका मोठ्या बेसावधपणे म्हणाले, "गाडी विकली की येतो. शब्द देतो."

मुलगा हुशार. त्यानं त्याच आठवड्यात इंटरनेटवर गाडीची जाहिरात टाकली आणि मला फोन केला. "काका, जो भी आएगा ना, आप वहीं रहना. बाबा खूप बोलतात. त्यांना बोलू मत देना."

काकांना बोलू न देणं म्हणजे काय, ते निखिल हैदराबादला राहून विसरला होता. शब्द दिलेला, त्यामुळे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडी दाखवायचे. नीट, मन लावून, खडूनं खुणा करत दाखवायचे. इथं चेसिस गंजली आहे. इथं वेल्डिंग आहे, कच्चं आहे. हे दार वळणावर उघडते. ब्रेक पाहा, नाही लागला ना? मोठी चाकं लावून डोंगरावर जायची स्वप्नं बघणारी दोन पोरं आली, ती अर्ध्या खुणांतच पळाली. एका रिसॉर्टवाल्याला ती बागेत उभी करून तिच्यात फुलझाडं लावायची होती. काका त्याला काहीच बोलले नाहीत. फक्त त्याच्या पाठीवर हळूच खडूची फुली मारली, आणि तो गाडीऐवजी ती फुली घेऊन गेला. ज्या सच्चेपणानं काका गाडी दाखवत होते, त्याच सच्चेपणानं ती न विकायचा त्यांचा निर्धार होता. गिऱ्हाईक गेलं की मला सांगायचे, "मी काय करू जी? मी तर पूर्ण प्रयत्न करून राहिलो."

मग सिहोऱ्याचे पटेलजी आले. शेतीवाला माणूस, पन्नाशीचा, घरात दोन ट्रॅक्टर. काकांनी एकेक दोष सांगायला सुरुवात केली आणि पटेलजी एकेक दोष निकालात काढायला लागले. चेसिस? आमचा वेल्डर आहे. दार? काढूनच टाकू. ब्रेक? "खेत में किसको मारना है, अंकल जी?" काकांचा खडू झिजत आला. मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या कपाळावर घाम दिसला.

"बस एक बात बताओ," पटेलजी म्हणाले. "सेल्फ काहे नहीं लेती?"

काकांनी खडू खिशात टाकला. मग म्हणाले, "धक्के पर लेती है."

ते रोज आम्हाला हेच म्हणायचे, धक्क्यावर घेते. सेल्फ स्टार्टर खराब आहे असं ते कधी म्हणालेच नव्हते. ते निदान आमचं होतं.

पटेलजींनी बॉनेट उघडलं, आत वाकले, आणि वाकलेलेच राहिले. "अंकल जी, ये तार तो खुली हुई है. टूटी नहीं है. किसी ने खोली है, टेप भी लपेटा है ढंग से." त्यांनी स्वतःच्या जीपमधून पाना आणला, तार जोडली आणि चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

मला आधी माझी कंबर आठवली. थंडी-पावसाळ्यात ढकललेली ती गाडी माझ्यासमोर झकास सुरू होती. मी भयंकर चिडलो. "काका, ही तार कोणी काढली?"

दुसरा कोणी असता तर उंदरांवर ढकलून मोकळा झाला असता. काकांनी गाडी बंद केली. "मीच काढतो. रोज फिरून आलो की काढून ठेवतो."

"काहून?" मी विचारलं.

"चहाला बोलावलं तर कोणी येत नाही जी. येऊ कधीतरी, म्हणतात. धक्क्याला सगळे येतात."

हे त्यांनी खडूनं खूण करून दोष दाखवावा तशाच आवाजात सांगितलं. काकू होत्या तोवर ही गाडी धक्क्यावर नव्हती, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. मला फार वाईट वाटलं, आणि माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही.

काका मात्र ताठ उभे होते. "पटेलजी, सेल्फ पास है. आपको लेना है तो ले जाइए. हमने जुबान दी है." आणि त्यांनी चावी पुढं केली.

पटेलजींना मराठी येत नव्हती, पण जबलपुरात ज्याला मराठी येत नाही त्यालाही ती कळते. त्यांनी हात पुसले, गाडीकडे एकदा पाहिलं, आणि चावी घेतलीच नाही. "नहीं अंकल जी. हमारे घर में तो वैसे ही मेला लगा रहता है. हमको ये नहीं जमेगी. आप ही रखो." चहा पिऊन, त्यातल्या आल्याबद्दल चकार शब्द न काढता, ते निघून गेले.

त्यांची जीप वळली न वळली तोच मला निखिलचा फोन. "काका, क्या हुआ? घेतली त्यांनी?"

काका पायरीवर बसले होते. माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काय सांगायचं ते सांगितलं नाही.

"नाही रे," मी म्हणालो. "कसं घेणार? सेल्फच लागत नाही. धक्का मारून किती दिवस चालवणार तो? अशी गाडी विकणं कठीण आहे, निखिल. खूप वेळ लागेल."

काकांच्या कपाळाला आठी पडली. ही आठी माझ्या ओळखीची होती. जे नाही ते त्यांच्यासमोर कोणी बोललं की ती पडायची. मला वाटलं, आता हे माझ्या हातातून फोन काढून घेणार आणि जे आहे ते सांगणार.

निखिल तिकडून काहीतरी विचारत होता. काका उठले, गाडीपाशी गेले, बॉनेट उघडून आत वाकले, आणि मी फोन ठेवायच्या आत त्यांनी सेल्फची तार काढून ठेवली.