नेव्हिलच्या रायफलचा डोळा

मला हरवेल असा स्क्रू अजून कुठल्याही कारखान्यात तयार झालेला नाही! ही बढाई नाही, अनुभव आहे. पुण्यातल्या एका टेक्निकल स्कूलमध्ये मी उभी हयात मुलांना कानस धरायला शिकवलं. चिडलो कधी नाही. पोराने चौकोनाचा बटाटा करून आणला तरी म्हणायचो, "छान! आता याच बटाट्यातून लहान चौकोन काढू."

पण ऑकलंडला मुलीकडे राहायला आलो आणि माझी किंमत शून्य झाली! इथे ज्याला त्याला एकच गोष्ट हवी, ‘न्यूझीलंड एक्स्पिरियन्स’! वेळ जावा म्हणून पेनरोजच्या एका वर्कशॉपमध्ये काम विचारायला गेलो, तर काउंटरवरचा कोवळा पोरगा म्हणाला, "एनी लोकल एक्स्पिरियन्स?" अरे, इथे काय स्क्रू उलटा फिरवला की घट्ट होतो? आमचे जावई सुशीलराव कॉम्प्युटरमधले. गाडीचं चाक पंक्चर झालं तरी मला म्हणतात, "बाबा, तुम्ही हात लावू नका. इथली पद्धत वेगळी असते." चाक गोलच असतं ना इथेही?

म्हणून २००४ सालच्या ऑक्टोबरात, दोन घरं सोडून राहणारा नेव्हिल रडवेला होऊन आमच्या गॅरेजच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी ठरवलं, की आता दाखवायचंच!

नेव्हिल म्हणजे माझ्याच वयाचा, बाराही महिने हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालणारा विधुर. त्याच्याकडे आजोबांची अमेरिकन बनावटीची रायफल होती. एका वेळी एकच गोळी घेणारी. घोडा मागे ओढायचा, त्याच्या पुढचा लोखंडी ठोकळा अंगठ्याने मागे लोळवायचा, काडतूस घालायचं, ठोकळा पुन्हा पुढे. म्हणून नाव रोलिंग ब्लॉक. इतकी साधी, इतकी देखणी रचना, की मी बघताक्षणी प्रेमात पडलो. दमयंतीनंतर आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. (ही गोष्ट दमयंतीला माहीत आहे.)

"चार्ली," नेव्हिल म्हणाला. माझं नाव चारुदत्त, पण ते त्याच्या तोंडात मावत नाही. "माझे डोळे गेले, मेट. नळीवरची खाच धुरकट दिसते, टोकाची नेम धरायची माशी धुरकट दिसते. लेबर वीकेंडच्या सुट्टीत क्लबची जुन्या रायफलींची स्पर्धा आहे. या वेळीही निशाणं चुकली, तर मी बंदूक पुतण्याला देऊन टाकणार."

"मग पुतण्या नेम धरेल की!"

"तो ती दिवाणखान्यात, शेकोटीवरच्या भिंतीला टांगणार. शोभेला."

मला भडभडून आलं. चालतं यंत्र भिंतीवर टांगायचं? मग मला कधी टांगणार?

उपाय त्याच्याच खिशात होता. अमेरिकेहून मागवलेली टँग साइट, नेम धरायचं साधन! घोड्याच्या मागे, दस्त्यावर, लोखंडाची एक शेपटी येते. ती टँग. तिच्यावर उभी करायची एक बारीक दांडी, आणि दांडीच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी चकती. चकतीच्या मधोमध बारीक भोक. त्यातून बघितलं की म्हाताऱ्या डोळ्यालाही माशी स्पष्ट दिसते. पण बसवणार कोण? बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथने नाताळानंतरची तारीख दिली होती.

"मी बसवतो!" मी म्हणालो.

"बाबा, नाही!" सुशीलराव आतून धावत आले. "तुमच्याकडे लायसन्स नाही!"

"नेव्हिलकडे आहे. तो शेजारी बसून राहील. कायदा मी वाचलाय, सुशीलराव. तुम्ही फक्त खुर्ची आणून द्या."

सुशीलरावांनी खुर्ची आणली. नाइलाजाने.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये माझा वर्ग भरतो. नात मैत्रेयी आणि गल्लीतली चार-पाच मुलं. मी मराठीत शिकवतो, मुलं इंग्रजीत उत्तरं देतात, आणि कानस दोघांचंही ऐकते. त्या शनिवारी मी प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा दिला. मधोमध टाचणीने भोक.

"भोकाकडे बघायचं नाही. भोकातून बघायचं. मध्य डोळा आपोआप शोधतो."

मैत्रेयीने चष्मा काढला आणि पुठ्ठा डोळ्याला लावला. "आजोबा! आय कॅन रीड द कॅलेंडर! विदाउट माय ग्लासेस!"

नेव्हिलने तिच्याकडून पुठ्ठा जवळजवळ हिसकावूनच घेतला. भिंतीवरच्या आमच्या मराठी कॅलेंडरकडे बघून तो ओरडला, "मला दिसतंय, चार्ली! एक अक्षर कळत नाही, पण सगळं दिसतंय!"

त्याचा तो चेहरा बघितल्यावर माघार घेणं शक्यच नव्हतं.

साइट मी दुपारपर्यंत बसवली. टँगवरच्या जुन्याच स्क्रूच्या भोकांत, नवीन भोक न पाडता! दांडी अशी ताठ उभी राहिली, जशी प्रजासत्ताक दिनाची परेड. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत घोडा मागे ओढला.

टक्!

घोडा अर्ध्यावर दांडीला आपटून थांबला. घोडा पूर्ण मागे जात नाही, म्हणून ठोकळा लोळत नाही. ठोकळा लोळत नाही, म्हणून काडतूस आत जात नाही. म्हणजे नेव्हिलला आता लक्ष्य अगदी लख्ख दिसणार होतं, फक्त गोळी झाडता येणार नव्हती!

"शी विल बी राइट," नेव्हिल पुटपुटला. म्हणजे ‘होईल सगळं ठीक’. इथली माणसं हे वाक्य नेमकं सगळं बिघडल्यावरच म्हणतात.

"मुलांनो," मी शांतपणे म्हणालो, "आता खरा धडा सुरू झाला. चूक कुठे आहे?"

"यू आर द मिस्टेक?" शेजारचा आरव म्हणाला.

"अंतर! चूक अंतरात आहे!"

मग पुढचा आठवडाभर मी पितळेची एक पट्टी कानशीने घासत होतो. ती मध्ये घालून दांडी केसभर मागे सरकवायची. नेव्हिल रोज संध्याकाळी रायफल घेऊन यायचा, खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा, रायफल घेऊन परत जायचा. शुक्रवारी पट्टी बसली. घोडा ओढला, पूर्ण मागे! ठोकळा लोळवला, लोण्यासारखा! मी आनंदाने सुशीलरावांना मिठी मारली. ते घाबरले.

आणि तेवढ्यात दमयंती गॅरेजमध्ये आली. हातात तबक.

"अहो, आज दसरा आहे. हत्यारांची पूजा करायचीय. तुमच्या कानशी, ड्रिल, सुशीलरावांचा लॅपटॉप, सगळं मांडा. आणि खरं शस्त्र दारात असताना ते पूजेवाचून जाईल? लोक काय म्हणतील!"

"अगं, इथे ऑकलंडच्या बॉटनी डाउन्समध्ये कोण काय म्हणणार?"

"मी म्हणेन!"

नेव्हिलला मी सगळं समजावून सांगितलं. त्याने टोपी काढली. रायफल पाटावर आडवी ठेवून तो शेजारी मांडी घालायचा प्रयत्न करत बसला. मला स्क्रूवर शेवटचा हात फिरवायचा होता, पण स्क्रू ड्रायव्हर पूजेत गेला होता, आणि दमयंतीने पूजेत ठेवलेल्या वस्तूला हात लावून दाखवावा अशी आमच्या घरात कुणाची हिंमत नाही. म्हणून मी श्रीखंड बघायला आत गेलो. इथेच घात झाला! आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून मैत्रेयीने हिरव्या कागदाची कापली होती. त्यातलं एक पान नेव्हिलने टोपीत खोवलं, सहा पुऱ्या खाल्ल्या आणि रायफल छातीशी धरून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे स्पर्धेला, नेमबाजीच्या रेंजवर. उरलेल्या पुऱ्यांचा डबा घेऊन दमयंतीसुद्धा! क्लबचा कॅप्टन म्हणजे ताडमाड, लाल मिशांचा माणूस. त्याने साइटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही बसवलीत? इथल्या रायफलींचा काही अनुभव?"

"रायफल अमेरिकेची आहे," मी म्हणालो. "तुमचा तिथला अनुभव किती?"

कॅप्टनच्या मिशा हलल्या. सुशीलराव गाडीच्या मागे लपले.

नेव्हिल पहिल्या नेमासाठी जमिनीवर पालथा झोपला. गाल दस्त्याला. डोळा चकतीला. तो हललाच नाही. बराच वेळ. मग त्याने रायफल हळूच खाली ठेवली. चेहरा पांढराफटक.

"चार्ली, काळोख आहे. काहीच दिसत नाही. कालपर्यंत दिसत होतं." तो उठून बसला. "गेला, मेट. डोळा गेला. पुतण्याला फोन करतो."

"फोन कुणाला करायचा नाही!" मी गरजलो. "डोळा जाईल, भिंत कोसळेल, पण माझी साइट चुकणार नाही! दांडी सरळ आहे, अंतर बरोबर आहे. तपासतो!"

रायफल रिकामी, ठोकळा उघडा. नेव्हिलच्या देखत मी चकती फिरवून काढायला गेलो. आता माझी बोटं काही लोखंडाची नाहीत. चकती सुटली, उडाली आणि गवतात गडप!

"सीझ फायर!" कॅप्टन ओरडला. लाल झेंडा वर गेला. अख्खी रेंज बंद! कमरेचे, गुडघ्यांचे नाना विकार असलेले सगळे नेमबाज गवतात रांगायला लागले. एकजण खाली बसला तो उठेना, म्हणून दोघं त्याला उठवायला गेले, तर तेही बसले!

"कुणी मला सांगेल का," कॅप्टन दातओठ खात म्हणाला, "की आपण नक्की काय शोधतोय?"

"मला विचारा ना!" दमयंती म्हणाली आणि सरळ वाकून तिने गवतातून चकती उचलली. "ही काय, एवढी लालभडक दिसतेय."

लालभडक? मी चकती हातात घेतली. निळसर पोलादाची चकती, आणि तिच्या नळीकडच्या, आम्हाला न दिसलेल्या बाजूला वाळून कडक झालेलं हळदीकुंकू! मधलं भोक गच्च बुजलेलं!

"दमे! हे काय केलंस?"

"म्हणजे काय? पूजा केली! एवढं छान गोल कपाळ दिसलं, त्यावर मधोमध कुंकू लावायचं नाही तर कुठे लावायचं?"

"ते कपाळ नाही, तो डोळा आहे!"

"मग तुम्ही मला सांगायला नको होतं? श्रीखंडाकडे कशाला पळालात?"

मी चकती तिच्यापुढे धरली. दमयंतीने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, भोक कोरलं, चकतीवर फुंकर मारली आणि पदराला पुसून नेव्हिलच्या हातात दिली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"म्हणजे माझा डोळा...?"

"तुझा डोळा ठणठणीत आहे!" मी म्हणालो. "झोप खाली!"

तो झोपला. धडाम! पांढऱ्या धुराचा लोट. दुर्बिणीतून बघणारा माणूस दुर्बीण पुसायला लागला. पुन्हा धडाम! पुन्हा! शेवटी लक्ष्याचा कागद आणला, तर नेव्हिलच्या सगळ्या गोळ्या काळ्या वर्तुळात, आमच्या पुरीखाली झाकल्या जातील अशा! (मैत्रेयीने पुरी ठेवून तपासलं.) नेव्हिल पहिला नाही, दुसरा आला. पण त्याने पुतण्याला फोन केला आणि ओरडून सांगितलं, "शेकोटीवर घड्याळ टांग!"

मी बाजूला उभा होतो. छाती पुढे. कारण लाल मिशांचा कॅप्टन आता थेट माझ्याकडेच येत होता. आला. हात पुढे केला. माझा हात मुठीत घेऊन त्याने गदागदा हलवला.

"सर," तो म्हणाला. सर! इतक्या वर्षांनी! "नेव्हिलने असा नेम वीस वर्षांत धरला नव्हता. पुढच्या महिन्यात क्लबमधले आम्ही सगळे आपापल्या रायफली घेऊन तुमच्या घरी येऊ का?"

"जरूर या!" मी म्हणालो. "स्क्रू ड्रायव्हर तयार ठेवतो."

"नाही नाही, साइट आमच्या सगळ्यांना आहेत," कॅप्टन आवाज खाली आणून म्हणाला. "तुमच्या मिसेसना वेळ असेल ना? ती लाल पावडर लावायला?"

आले हो सगळे! ओळीने! टोप्या काढून! दमयंतीने प्रत्येकाला कुंकू लावलं आणि मी दारात उभा राहून पुऱ्या वाढल्या. पण पितळेची पट्टी मी घासली होती. आठवडाभर. हे कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगून ठेवतोय!