बिनआवाजाचा पंखा

आमच्या स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट पंखा लावला की घरात ट्रॅक्टर शिरल्यासारखं वाटायचं. माझी बायको मधुरिमा ओट्यापाशी उभी राहून काय बोलते हे मला कधी ऐकूच येत नसे, आणि आमचा संसार त्याच्यावरच सुरळीत चालला होता (हे मला फार उशिरा कळलं). पण एका रविवारी त्याचं एक पातं तुटून कांदेपोह्यांच्या कढईत पडलं. तेव्हा ती म्हणाली, आता असा पंखा आणा की जो टिकेल, आणि चालू आहे की बंद हे कळणार नाही.

मी कॉलेजच्या ऑफिसात बाबू आहे. चालू आहे की बंद हे न कळण्याचं आमच्याकडे कुणाला अप्रूप नाही. तरी मी मनावर घेतलं. राजवाड्याजवळच्या दुकानात प्लॅस्टिकचे, लोखंडी, बॉल बेअरिंगचे असे सगळे पंखे पाहिले, प्रत्येकाला कान लावून ऐकले. शेवटच्याला बराच वेळ कान लावल्यावर मी दुकानदाराला म्हणालो, आता चालू करा. तो म्हणाला, "भिया, चालूच है."

तोच घेतला. दुकानदार मिस्त्री पाठवत होता. मी नको म्हणालो. चार स्क्रूचं तर काम. (हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं, त्या त्या वेळी घराचा काही ना काही भाग निकामी झाला आहे.) भिंतीपलीकडे डक्ट आहे, म्हणजे पाइप खाली न्यायला ठेवलेली अंधारी पोकळी. तिथल्या भोकात मी पंखा बसवला, बटण दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही. फार छान वाटलं.

संध्याकाळपर्यंत ते छान वाटणं ओसरलं.

इतकी वर्षं त्या ट्रॅक्टरच्या घरघरीखाली काय काय दडलं होतं कोण जाणे. आता स्वयंपाकघरात उभं राहिलं की कुठल्यातरी मजल्यावरचं थेंब थेंब गळणारं पाणी ऐकू यायचं. मध्येच भिंतीतून काहीतरी घासल्यासारखा आवाज यायचा. एकदा कुणीतरी खोकलं, अगदी कानाशी. आणि ओट्यापाशी उभं राहिलं की मानेवर गार फुंकर यायची, कुणी मागे येऊन उभं राहिल्यासारखी. मी वळून पाहायचो. मागे फक्त फ्रिज.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिवेलागणीला बिडीचा वास आला.

आमच्या वर गच्ची. खाली आनंदराव, महूच्या मिलिटरी अकाउंट्समधून रिटायर झालेले, सून-मुलाबरोबर राहणारे सज्जन गृहस्थ. जिन्यात 'धूम्रपान निषेध' ही पाटी त्यांनीच स्वतःच्या हातानं रंगवून लावलेली. मग बिडी ओढणार कोण?

मधुरिमानं गॅस बंद केला. जराशी हसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा आलेत."

बाबा म्हणजे माझे सासरे, प्रतापराव. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचे पणजोबा दरबारात कारभारी होते, त्यामुळे चारचौघांत सिगरेट. घरी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून बिडी. शेवटच्या आजारात मधुरिमानं त्यांचं बंडल नाल्यात फेकलं होतं, आणि बिडी सुटेपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही असं सांगून ती तडक घरी निघून आली होती. त्यानंतर बोलायची वेळच आली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशीही मोजकंच बोलायची.

आता मात्र ती रोज संध्याकाळी भाजी चिरता चिरता बाबांशी बोलू लागली. सगळं सांगायची. (त्यातलं निम्मं माझ्याबद्दल असायचं, आणि पंख्याला आवाज नसल्यामुळे मला ते बैठकीत बसूनही स्पष्ट ऐकू यायचं.) मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणं सोडलं. तहान लागली की खाली पानवाल्याकडे जाऊन पाणी प्यायचो. तो मला विचारायचा की घरी नळ नाही का. मी म्हणायचो, नळ आहे, सासरेही आहेत.

एका संध्याकाळी धीर करून दाराशी उभा राहिलो. आत फोडणीचा धूर कोंडला होता, ट्यूबलाइट त्यात पिवळी पडली होती. खिडक्या बंद होत्या, तरी मधुरिमाच्या कपाळावरचे केस हळूहळू मागे उडत होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, मी रागावले नाहीये हो तुमच्यावर. तेवढी बिडी सोडा आता. माझी शपथ आहे."

भिंतीत कुणीतरी खोकलं. थोड्या वेळानं एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "बरं."

मी मटकन खाली बसलो. खाली कणकेची परात होती. मधुरिमानं माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात जोडून ती भिंतीपुढे उभी होती. त्या रात्री तिनं गुलाबजाम केले आणि बऱ्याच महिन्यांनी मला विचारलं की ऑफिसात काय चाललंय. बिडीचा वास पुन्हा आला नाही.

पुढच्या आठवड्यात आनंदराव जिन्यात भेटले. तब्येत खुललेली दिसली. मी तसं म्हणताच त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की त्यांनी बिडी सोडली. सून धम्मदीना शिकवणीला गेली की ते चोरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी ओढायचे. पण मागच्या महिन्यात त्या खिडकीतून त्यांना बाईचा आवाज ऐकू यायला लागला. बाबा, बाबा, म्हणून हाक मारायची. त्यांची दिवंगत पत्नी गयाबाई मुलांचं ऐकून त्यांना बाबाच म्हणायची.

"आम्ही भूत मानत नाही, आत्मा मानत नाही," आनंदराव म्हणाले. "पण चाळीस वर्षं तिचं ऐकलं नाही, हे तर खरं होतं. तिनं शपथ घातली. मी बरं म्हणालो."

मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेलो.

घरी येऊन उदबत्ती पेटवली आणि पंख्यासमोर धरली. धूर बाहेर जायला हवा होता. तो सरळ माझ्या डोळ्यांत आला. पंखा मी उलटा बसवला होता. घरातली हवा बाहेर काढण्याऐवजी तो डक्टमधली हवा आत ओढत होता, आणि तिच्याबरोबर, डक्टमध्येच उघडणाऱ्या खालच्या खिडकीतून, आनंदरावांची बिडीही.

कुणालाच काही सांगायचं नाही असं ठरवलं. खालच्या म्हाताऱ्याची बिडी सुटली होती, वरची बायको बोलायला लागली होती. दोघांचंही बरं चाललेलं मी कशाला बिघडवू? मधुरिमा बारशाला बेटम्याला गेली त्या दिवशी मी पंखा सुलटा करायला घेतला. मेन स्विच बंद करायचा असतो हे मला वायर हातात धरल्यावर आठवलं. तोंड नेमकं डक्टच्या भोकात होतं. बराच ओरडलो. स्क्रू फिरवायचा पेचकस खाली पडला, त्याच्या नावानंही ओरडलो. शेवटी पंखा बसला.

परत आल्यावर मधुरिमानं फोडणी दिली. धूर पटकन बाहेर गेला. ती पंख्याकडे पाहत म्हणाली, "आता बाबा खऱ्या अर्थानं सुटले." मी मान हलवली. डोळे भरून आले, तेही बिनधुराचे.

दुसऱ्या दिवशी आनंदराव पुन्हा जिन्यात भेटले. जरा गंभीर होते. म्हणाले, काल खिडकीतून पुन्हा आवाज आला, पण या वेळी पुरुषाचा. 'मेलो, मेलो' म्हणत होता. नवीनच गेलेला असावा. मग पेचकस, पेचकस म्हणून रडत होता.

गयाबाईच्या जवळपास असा कुणी परका माणूस आलाय याची त्यांना काळजी वाटतेय का, असं मी घाबरत घाबरत विचारलं.

"छे," आनंदराव म्हणाले. "आवाजावरूनच अगदी बावळट वाटला. असल्याच्या नादी ती लागायची नाही."