फ्रिजची पत्रिका

आमच्या फ्रिजची जन्मपत्रिका करायची, असं मी एका दुपारी लॅबमध्ये डबा खाताना ठरवलं. निर्णय तसा छोटाच होता. (माझे सगळे मोठे घोळ छोट्या निर्णयांतूनच निघतात. लग्नाचा निर्णय तेवढा मोठा होता, आणि तो माझा नव्हता.)

आधी मी कोण ते सांगतो. मी गुरुदत्त. वागळे इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये कॅलिब्रेशनचं काम करतो. म्हणजे कारखान्यांचे वजनकाटे, थर्मामीटर, प्रेशर गेज आमच्याकडे येतात, ते खरं बोलतात की खोटं हे आम्ही तपासतो आणि स्टिकर लावून परत पाठवतो. उभी हयात यात गेल्यामुळे मला समोर येईल त्याला तपासायची खोड लागली आहे. घरी ही खोड फारशी लोकप्रिय नाही.

तर माझ्या बायकोच्या, भावनाच्या, गर्भाशयात गाठ निघाली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करून घ्या. गाठ काढल्यावर तपासायला पाठवू, मग कळेल काय आहे ते. पण थांबू नका."

ते "काय आहे ते" त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की डोंबिवली पूर्वेला घरी येईपर्यंत रिक्षात मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. भावना बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होती. घरी आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "गुरू पालटल्यावर बघू."

"कोण पालटल्यावर?"

"गुरू. मधुकाका म्हणाले, आत्ता काळ बरा नाही."

मधुकाका म्हणजे तिचे ज्योतिषी. पूर्वी कल्याणला पारनाक्यावर राहायचे, मग मुलाने टिटवाळ्याला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्या ग्रहांसकट तिकडे हलले. त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे गॅसची शेगडीसुद्धा बदललेली नाही. मी अर्थातच विज्ञानाच्या बाजूचा. जेवताना मी भावनाला गुरू हा वायूचा गोळा आहे, तो किती प्रचंड लांब आहे आणि डोंबिवलीतल्या एका बाईच्या गाठीशी त्याला काहीही देणंघेणं नाही, हे सविस्तर समजावलं. ती शांतपणे ताटं उचलत होती. मग मी तिला लेखांच्या प्रिंट आणून दिल्या. ती म्हणाली, "हो, वाचते." आणि त्या कागदांवर तिने मिरच्या वाळत घातल्या.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर रत्नदीप बसतो. हुशार माणूस. त्याच्या घरात कुणाचीच पत्रिका नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. त्याला मी हे सगळं सांगितलं.

"सर, तुम्ही नुसता वाद घालताय," तो म्हणाला. "वाद घालून कधी काटा सुधारलाय का? टेस्ट घ्या ना. कुणाची पत्रिका ते सांगायचं नाही, फक्त कुंडली समोर ठेवायची."

"कुणाची ठेवू?"

"माणसाची नकोच. माणूस म्हटला की काहीतरी लागू पडतंच. वस्तूची ठेवा. पंखा, मिक्सर, काय पण."

मला फ्रिज आठवला, कारण जन्मवेळ पक्की ठाऊक असलेली ती आमच्या घरातली एकमेव वस्तू. लग्नानंतर लवकरच घेतलेला, आमच्या संसाराइतकाच जुना. त्याला हळदकुंकू वाहून, मधुकाकांनीच काढून दिलेल्या मुहूर्तावर बटण दाबलं होतं. मी घाईत आधी दाबू नये म्हणून भावनाने तोपर्यंत माझा हात धरून ठेवला होता. ती वेळ मला अजून पाठ आहे. मोबाइलवरच्या ॲपने नाव विचारलं, मी "चिरंजीव" लिहिलं. जन्मगाव डोंबिवली. ॲपने काहीही शंका न घेता कुंडली काढून दिली. मी ती बारा घरं तेवढी एका कागदावर उतरवून घेतली आणि रविवारी टिटवाळ्याला गेलो. खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं.

"कुणाची म्हणायची ही?" मधुकाकांनी चष्मा पुसला.

"घरातल्याच एकाची. नाव, तारीख काही विचारू नका काका. नुसतं बघून सांगा."

काका जरा हसले आणि कागदाकडे बघत राहिले. मग सावकाश बोलू लागले. "स्वभाव थंड. एकदा ठेवला तिथे राहणारा. घर सोडणार नाही, व्यसन नाही, पोट कायम भरलेलं. कामाला चोख, पण कुरकुर फार. घरातल्या बाईचं याच्यावाचून पान हलत नाही, आणि याला त्याचा पत्ता नाही. स्वतःहून कुणाला काही विचारणार नाही. घरात दुखणं आलं तरी हा जागचा हलायचा नाही." मग ते थांबले आणि म्हणाले, "जन्मवेळ मात्र फार सुंदर आहे हो. कुणीतरी निवडून काढल्यासारखी."

मी कसाबसा हसू दाबून बाहेर पडलो. एक जाणकार ज्योतिषी गंभीर चेहऱ्याने माझ्या फ्रिजला व्यसन नसल्याची ग्वाही देत होता आणि त्याचा पुरावा माझ्या खिशात होता. आता भावना हे ऐकेल, हसेल आणि उद्या हॉस्पिटलला फोन करेल, अशी माझी पक्की खात्री होती.

भावना मेथी निवडत बसली होती. मी काही न बोलता रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या दोन वाक्यांनंतर तिचे हात थांबले. "घरात दुखणं आलं तरी" इथे तिने पदर डोळ्यांना लावला.

"तुम्ही टिटवाळ्याला गेलात?" ती म्हणाली. "तुम्ही? माझ्यासाठी स्वतःची पत्रिका घेऊन गेलात?"

मी तोंड उघडलं, पण ती पुढे बोलत होती. "ज्याचा विश्वास नाही तो माणूस माझ्यासाठी तिथे जाऊन बसला. जाऊ दे, करून टाकू ऑपरेशन. जे व्हायचं ते होईल."

वाचकहो, आता मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला मला काही कष्ट पडत नाहीत, या घरात मी वर्षानुवर्षं तेच करत आलो आहे. पण समोर चुकीचं रीडिंग दिसलं की माझा जीव कासावीस होतो.

"अगं, माझी नाही," मी म्हणालो. "फ्रिजची."

"फ्रिजची?"

"हो! तेच तर सिद्ध करायचं होतं! बघ, फ्रिजची पत्रिका ठेवली तरी हे लोक..."

तिने एकदा फ्रिजकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "माझ्या पोटात काय आहे ते कुणाला माहीत नाही," ती हळूच म्हणाली, "आणि तुम्हाला प्रयोग सुचतोय." मेथीची परात उचलून ती आत गेली. त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. डबा रोज वेळेवर मिळायचा, त्यात भाजी असायची, पण भावना नसायची. अशातच हॉस्पिटलमधून फोन आला, की लवकर कळवलं नाही तर ऑपरेशनसाठी राखून ठेवलेली तुमची तारीख दुसऱ्या पेशंटला देऊ. भावना म्हणाली, "देऊ दे."

रत्नदीप म्हणाला, "सर, टेस्ट एकदम बरोबर होती. सांगितलं कशाला पण?"

मी घाबरलो होतो. सरळच सांगतो, इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. तो वायूचा गोळा तिकडे निवांत फिरत होता आणि इकडे ती गाठ वाढते आहे की काय, या विचाराने मी रात्री उठून उठून तिच्याकडे बघत होतो. शेवटी मी परत टिटवाळ्याला गेलो आणि मधुकाकांसमोर हात जोडले. (विज्ञानाचा हा पराभव कृपया रत्नदीपला सांगू नये.)

"काका, ती कुंडली फ्रिजची होती. माझं चुकलं. पण तुम्ही भावनाला एखादी जवळची तारीख काढून द्या. खोटी का होईना, पण द्या."

"फ्रिजची?" काकांनी विचार केला. "तरीच संतती दिसेना." मग चष्मा काढून ते म्हणाले, "गुरुदत्तराव, मी ताईंना थांबा म्हटलेलंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं ना, मग उद्या जा, असंच म्हणालो. माझी बायपास झाली तेव्हा मी कुठे पंचांग उघडलं होतं? त्याच म्हणाल्या, काका, ह्यांना सांगताना तुमचं नाव पुढे करते."

"पण का?"

"ते कुंडलीत नसतं. घरी जाऊन विचारा."

मी घरी आलो. भावना ओट्याशी उभी होती. गाठ निघाल्यापासून मी तिला गुरूचं अंतर सांगितलं होतं, लेख दिले होते, फ्रिजची पत्रिका ऐकवली होती. विचारलं मात्र काहीच नव्हतं.

"भावना, तुला भीती वाटते का?"

तिने माझ्याकडे पाठ करूनच गॅस बंद केला. "आईचं असंच होतं," ती म्हणाली. "आत नेलं, उघडलं आणि काही न करता तसंच शिवून टाकलं. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही मला टक्केवारी सांगितली असती."

(टक्केवारी माझ्या तोंडापर्यंत आली होती. मी ती गिळली.)

"गुरूचं नाव घेतलं, म्हणजे तुम्ही निदान गुरूशी भांडत बसता."

"मलाही भीती वाटते गं," मी म्हणालो. ती वळली. मग आम्ही दोघंही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. फ्रिज त्याच्या सवयीने कुरकुरत होता. सकाळी तिने स्वतःच हॉस्पिटलला फोन केला. आमची तारीख सुदैवाने अजून कुणाला दिली नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी हिरव्या गाऊनमध्ये ती एकदम लहान दिसत होती. मंगळसूत्र आणि बांगड्या तिने माझ्या हातात दिल्या होत्या आणि त्या कुठे ठेवाव्या ते मला कळत नव्हतं. स्ट्रेचर दारापाशी आलं तेव्हा ती म्हणाली, "काकांचं ते लावा ना परत."

मी फोन तिच्या कानाशी धरला. ती डोळे मिटून ऐकत होती. स्वभाव थंड, जागचा हलायचा नाही, सगळं ऐकलं. चेहऱ्यावर हसू आलं, त्या आठवड्यातलं पहिलं.

"फ्रिजची म्हणे," ती म्हणाली.

"अगं, देवाशपथ फ्रिजची!" (देवाशपथ! तीसुद्धा मी!)

"शक्यच नाही. फ्रिजचं दार उघडलं की आत निदान लगेच दिवा लागतो."

तिला आत नेलं आणि दार बंद झालं. सिस्टर मला म्हणाल्या, "काका, खूप वेळ लागेल. खाली जाऊन चहा घेऊन या."

मी जागचा हललो नाही.